नवीचं पहिलं पत्रक

३० ऑक्टोबर

आघाडीवरच्या आमच्या इस्पितळात बावीस खाटा, सव्वीस पेशंट. चौघांना खालीच गाद्या टाकून निजवलंय. दिवसभर त्यांना ओलांडत चालले, कंबरेचे बारा वाजले. दुपारी मधल्या सिस्टरचा पाय एकाच्या हातावर पडता पडता वाचला, तर तोच तिला म्हणतो — द्या पाय सिस्टर, हा हात तसाही कामातून गेलाय. सगळा वॉर्ड हसला. मीही हसले. मग औषधांच्या खोलीत जाऊन कपाटाला टेकून पाच मिनिटं उभी राहिले. रडू येत नाही आता. नुसतं उभं राहायचं आणि परत कामाला लागायचं.

सर्जन सर आम्हा तिघींना 'तिन्ही जावा' म्हणतात. थोरली मी, मग मधली, मग नवी. नवीला येऊन पाच महिने झाले तरी ती नवीच. चोवीस वर्षांची आहे. आली तेव्हा ड्रेसिंग करताना शिटी वाजवायची, पेशंट फर्माईश करायचे. दहा-बारा दिवस झाले, शिटी ऐकली नाही.

३१ ऑक्टोबर

आज पत्रकांचा दिवस. महिनाअखेरीला प्रत्येकीने मनाचं पत्रक भरायचं असतं. बारा प्रश्न — झोप, भूक, राग, रडू, हाताची थरथर, असलं सगळं. प्रत्येकापुढे शून्य ते तीन. मी इथली मुख्य सिस्टर, म्हणून गोळा करायची मी, तपासायची मी, सही करून वर पाठवायची मीच.

त्याची एक रीत आहे. सगळीकडे शून्य टाकलं तर वरच्यांना शंका येते. म्हणून झोपेला एक, रागाला एक, बाकी शून्य. दोन महिन्यांतून एकदा भुकेला एक, म्हणजे खरं वाटतं. हे मला माझ्या आधीच्या थोरलीने शिकवलं, मी ह्या दोघींना. मधली मला मास्तरीणबाई म्हणते. माझ्या झोपेला खरं तर चार द्यायला हवेत, पण तीनच्या पुढे रकाना नाही.

नवीने पत्रक आणून दिलं. झोप तीन. रडू तीन. हात दोन. आणि शेवटचा प्रश्न — जगणं नकोसं वाटतं का — त्यापुढे दोन. तो दोन पुन्हा पुन्हा गिरवलेला. कागदाला भोक पडायचं बाकी.

तिला औषधांच्या खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं. म्हटलं, हे काय गं? म्हणाली, "ताई, ह्या वेळी खरं लिहिलंय. मला जमत नाहीये." मी म्हटलं, तीन वर्षांपूर्वी एक उंच सिस्टर होती इथे, तिने खरं लिहिलं. कुठे आहे माहितीये? कोठारात चादरी मोजतेय. बढती बंद. सगळे मागून 'डोक्याची' म्हणतात. तुला व्हायचंय तसं? मग म्हटलं, आणि तू गेलीस तर सव्वीस पेशंट आणि आम्ही दोघी. बदली यायला दीड महिना लागतो. तेवढी कळ काढ. मग मीच तुला मोठी रजा मिळवून देते, शब्द दिला.

"बरं ताई," म्हणाली.

मी कागद फाडला. चार तुकडे. जाळायच्या पिशवीत टाकले, रक्ताच्या बोळ्यांबरोबर. कोरं पत्रक दिलं. तिने माझ्यासमोर भरलं — एक, शून्य, एक, शून्य. शाळेतल्या मुलीसारखं, ओठ दाबून. मी सही केली.

तिचं भलंच केलं मी. असं सकाळी वाटत होतं. आता वाटत नाहीये.

२ नोव्हेंबर

नवीचं काय झालं ते मला माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे, पण कोणी बोलत नाही. गेल्या महिन्यात एक वीस वर्षांचा पोरगा आणला, पोटात लागलेलं. ऑपरेशनआधी पाणी द्यायचं नसतं. दोन तास तो पाणी मागत होता. नवीने ओल्या बोळ्याने नुसते ओठ पुसले. मला येऊन विचारलं, ताई, एक घोट? मी म्हटलं, अजिबात नाही. मीच म्हटलं. आणि तो ऑपरेशनच्या टेबलावरच गेला.

पाणी दिलं असतं तरी गेलाच असता. सर तसं म्हणाले. पण तहानलेला गेला तो.

आज सकाळी बघते तर प्रत्येक खाटेशी पेला भरून ठेवलेला. दुपारी ज्याचं ऑपरेशन होतं त्याच्याशीही! नवीला चांगलीच झापली. कोणाला सांगितलं मात्र नाही. पेले मीच गुपचूप उचलले, मधलीला कळायच्या आत.

३ नोव्हेंबर

घरी फोन लागला. लेक म्हणाली, "आई, तू रेकॉर्ड केल्यासारखी बोलतेस." आणि माझ्या आवाजात म्हणून दाखवलं — मी ठीक आहे, जेवलीस का, अभ्यास कर, बाबांना त्रास देऊ नको. हुबेहूब! मागे नवरा हसत होता. मला इतका राग आला की बारा वर्षांच्या पोरीवर ओरडले, एवढी अक्कल आली असेल तर फोनच करू नको म्हणून. फोन बंद झाल्यावर कळलं, ओरडताना मी हाताची मूठ भिंतीवर आपटत होते. बोटं सुजली आहेत. मधलीला सांगितलं, ट्रॉलीत अडकली.

मला नाही वाटत मी घरी परत जाण्याजोगी राहिले आहे. शरीर जाईल. पण त्या स्वयंपाकघरात उभी राहून भांडी लावणारी बाई कुठून आणू?

५ नोव्हेंबर

आठ आणले. दोन गेले. बाकी लिहायचं त्राण नाही.

६ नोव्हेंबर

नवी आज शांत. नीट जेवली. माझी वेणीसुद्धा घालून दिली, म्हणाली केस काय झालेत ताई तुमचे, झाडू बरा. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, सावरली पोरगी.

७ नोव्हेंबर

दुपारी सव्वाबारा. मी आणि मधली सरांबरोबर ऑपरेशनमध्ये. वॉर्डात नवी एकटी. बाहेर आरडाओरडा झाला तरी आम्ही हात थांबवले नाहीत, थांबवता येत नाहीत. एक वाजता बाहेर आले तेव्हा पहारेकरी तिला दोन्ही दंडांना धरून आणत होते.

वॉर्ड सोडून निघाली होती. अंगात चिलखत नाही, डोक्यावर टोप नाही. मागच्या फाटकातून वाळूच्या पोत्यांपलीकडे, सरळ माळावर. तिथे सुरुंग आहेत. लाल पाटी आहे, आम्हाला पहिल्याच दिवशी दाखवतात. पहारेकरी म्हणाला, हाका मारल्या, मागे वळून बघेना. दुकानात काही आणायला निघाल्यासारखी चालली होती. दोनशे पावलं. तो आणि दुसरा एकजण तिच्या पावलांवर पाऊल ठेवत गेले आणि तशीच मागे आणली. तिघांपैकी कोणाचाही पाय चुकला नाही.

मला बघून म्हणाली, "ताई, सॉरी." बस. बुटांना माती लागलेली. मी खाली बसून पुसायला लागले, फडक्याने, का कोणास ठाऊक. सरांनी मला उठवलं.

८ नोव्हेंबर

तिला सकाळच्या हेलिकॉप्टरने मोठ्या तळावर नेलं. बरोबर पहारा. पेशंटला नेतात तसं नाही, आरोपीला नेतात तसं. मी तिची पिशवी भरून दिली. ब्रश, कंगवा, आईचं पत्र, तीन जोड्या मोजे. तिने पिशवीकडे बघितलंही नाही.

माझं डोकं सकाळपासून एकच वाक्य म्हणतंय. तिने लिहून दिलं होतं. तिने लिहून दिलं होतं. तिने लिहून दिलं होतं.

९ नोव्हेंबर

चौकशीचे साहेब आले. सभ्य आहेत, हळू बोलतात, चहा दिला तर थँक्यू म्हणतात. त्यांच्यापुढे नवीची पाचही पत्रकं. एक, शून्य, एक, शून्य. प्रत्येकावर माझी सही.

म्हणाले, "सिस्टर, ह्या कागदांनुसार मुलगी ठणठणीत आहे. ठणठणीत माणूस लढाईच्या जागी चार गंभीर पेशंट टाकून जातं, त्याला आमच्याकडे एकच शब्द आहे. माळापलीकडे रस्ता आहे. पळणारा तिकडूनच जाणार." मी म्हटलं, सुरुंगांतून कोण पळतं सर? ते म्हणाले, घाबरलेलं माणूस कशातूनही पळतं.

मग म्हणाले, तिच्या मनाचं काही बिनसलं होतं असं दाखवणारा एखादा कागद असेल, घटनेच्या आधीचा, तर सगळंच बदलेल. मग ती आजारी. रजा, उपचार, घर. नाहीतर कोर्ट, तीन-चार वर्षं आत, आणि पुढे आयुष्यभर नर्स म्हणून कुठे उभं करणार नाहीत. "असा काही कागद आहे का? तुम्हाला आधी काही जाणवलं होतं का?"

खोलीत पंख्याचा आवाज येत होता.

मी म्हटलं, नाही सर. तसं काही जाणवलं नाही.

तोंडातून आपोआप गेलं. सतरा वर्षं मी वरच्यांपुढे हेच म्हणत आले. सगळं ठीक सर. काही नाही सर. जीभच वळली तशी, असं मी इथे लिहीन, पण ते खरं नाही. मला भीती वाटली. सही माझी आहे. एक कागद फाडला म्हटलं की मागचे सगळे निघतील. माझे, मधलीचे, आधीच्या थोरलीचे. सतरा वर्षांच्या नोकरीवर नांगर फिरेल. मी भित्री आहे. सुरुंगांतून चालत गेली तिला पळपुटी म्हणतायत, आणि मी खुर्चीत बसून पळाले.

१० नोव्हेंबर

नवीच्या आईचा फोन. मला वाटलं शिव्या देईल. म्हणाली, "ताई, तुमच्या भरवशावर सोडली होती तिला. दर फोनला तुमचंच नाव. थोरल्या ताईंनी हे शिकवलं, थोरल्या ताईंनी ते शिकवलं. तुम्ही सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतील. माझी पोर पळणारी नाही हो."

मी म्हटलं, बघते.

बघते! काय बघते मी? भाजी बघते, दूध उतू जातंय का बघते.

११ नोव्हेंबर

मोठ्या तळावरून मानसोपचारवाले डॉक्टर आले, मधलीला आणि मला दोन-दोन तास बसवलं. नवीला तपासलं होतं त्यांनी. म्हणाले, ती आता काहीच बोलत नाही, आणि आता जे दिसतंय ते पकडली गेल्यामुळे असं समोरचे म्हणणार. आधीचं काही मिळालं तर मी लढू शकतो. बिचारे मनापासून म्हणत होते. मग मला ताण कसा हाताळायचा ते शिकवलं. चार मोजून श्वास घ्यायचा, चार मोजून सोडायचा. रोज कोणाशी तरी मनातलं बोलायचं. मी मान हलवली. मनातलं! जे बोलायचं ते त्यांच्यासमोर टेबलावर ठेवता आलं असतं, मला फक्त तोंड उघडायचं होतं. मी मूग गिळून चार आकडे मोजत बसले.

१२ नोव्हेंबर

काम. काही केलं नाही. उद्या साहेबांना खरं सांगते.

१३ नोव्हेंबर

आज सकाळी सलाईनची बाटली लावताना कुठला पेशंट, कशाला लावतेय, काही आठवेना. हात वर धरून तशीच उभी. तो म्हणाला, "सिस्टर, काय झालं?" खाली बघितलं तर तोच वीस वर्षांचा, पाणी मागणारा. म्हणजे नव्हता तो. दुसराच. पण क्षणभर होता. बाटली मधलीने हातातून घेतली. नंतर म्हणाली, "ताई, तुम्ही तिचा कागद फाडलात ना? मी दाराशी होते." मग ट्रे उचलून निघून गेली. तिनेही चार दिवस तोंड उघडलं नाही. तिलाही पोरं आहेत.

दोघी एकमेकींसमोर बसून जेवलो. कोणी कोणाकडे बघितलं नाही.

१४ नोव्हेंबर

नवऱ्याला फोन करून सगळं सांगितलं. पहिल्यांदाच, सतरा वर्षांत. मग म्हणाला, "तू आता मला विचारतेयस की सांगतेयस?" मी म्हटलं, विचारतेय. तो म्हणाला, "नोकरी गेली तर गेली. तू घरी येशील. वाईट काय त्यात?" आणि मग — "पण आधी का नाही बोललीस गं?"

आधी रडलेही नव्हते. आज रडले, फोनवर, नाक वाहेपर्यंत. मागून लेक विचारत होती, आईला काय झालं. तो म्हणाला, आई दमलीये.

१५ नोव्हेंबर

लिहिला जबाब. तीन पानं. ३१ तारखेला नवीने काय भरलं ते आकड्यांसकट. शेवटच्या प्रश्नापुढे दोन, गिरवलेला. मी काय बोलले ते शब्दशः, चादरी मोजण्याच्या गोष्टीसकट. कागद फाडला, जाळला, दुसरा भरून घेतला. हे सगळं मी कित्येक वर्षं करत आले आहे आणि माझी स्वतःची सगळी पत्रकं खोटी आहेत. मधलीचं नाव घातलं नाही. ती म्हणाली, घाला. तरी नाही घातलं. मग ती म्हणाली, मी माझं वेगळं लिहीन. बघू.

सरांनी वाचला. चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाले, "हे पाठवलंत तर तुमचं काय होईल कल्पना आहे ना?" मी म्हटलं, आहे. ते म्हणाले, "मग आजच पाठवा. थांबलात तर पुन्हा जमायचं नाही."

पाठवला.

१६ नोव्हेंबर

चार तास सलग झोप लागली. शरम वाटली, पण लागली.

१८ नोव्हेंबर

सामान आवरून ठेवलं. बोलावणं आलं की निघायचं. मधलीला किल्ल्या, रजिस्टर, सगळं समजावून दिलं. तिचा जबाब अजून लिहून झालेला नाही. ती म्हणाली, नवी सुटली की तिघी कुठेतरी भेटू, जिथे हेलिकॉप्टर येत नाही अशा ठिकाणी. मी हो म्हटलं. खरंच वाटलं तसं होईल म्हणून. नवीच्या आईला फोन करायचा मोह झाला, पण म्हटलं आधी निकाल येऊ दे. मी काही चांगलं केलं नाही. उशिरा केलं एवढंच. पण केलं.

२० नोव्हेंबर

चौकशीचे साहेब स्वतः आले. नवीचा जबाब दाखवला. तारीख बारा. तिचंच अक्षर, सुबक. 'माझी तब्येत चांगली होती. ऑक्टोबरचं पत्रक मी एकदाच भरलं आणि खरं भरलं. वॉर्ड मी भीतीने सोडला. थोरल्या सिस्टरांचा ह्यात काही संबंध नाही, त्यांना त्रास देऊ नये.' मी म्हटलं, ती मला वाचवतेय सर. खोटं आहे हे. माझं खरं आहे. ते म्हणाले, "तिच्यासाठी एवढं स्वतःवर घेतलंत, सिस्टर, माणूस म्हणून तुमचं कौतुक वाटतं." आणि माझी तीन पानं मला परत दिली.